प्रज्वलन-समयन, जुन्या मोटारसायकलींचे

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरातील हवा व इंधन यांचे मिश्रण विद्युत् ठिणगीने पेटविण्याचा क्षण ठरविणे व तो कायम राखणे, या क्रियेस प्रज्वलन-समयन म्हणतात. विसाव्या शतकातील बहुसंख्य मोटारसायकलींत हा क्षण संपर्क-खंडक या लहानशा यांत्रिक साधनावर अवलंबून असे. व्यवहारात त्याला ‘पॉइंट’ आणि समयनाला ‘टायमिंग’ हे शब्द रूढ आहेत. हे साधन वापराने झिजते व जागचे सरकते. त्यामुळे ते वारंवार तपासून पुन्हा जुळवावे लागते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन रूढ होईपर्यंत दुचाकीची कार्यक्षमता व आयुर्मान ही बऱ्याच अंशी हे काम करणाऱ्या कारागिराच्या हातावर ठरत. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव औरंगाबाद) या शहरात या तंत्राच्या इतिहासाचे दोन्ही टप्पे दिसतात : रस्त्याकडेच्या गॅरेजात हाताने होणारे समयन, आणि वाळूज येथील कारखान्यातून बाहेर पडलेली, समयन जुळवावे न लागणारी वाहने. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारसायकल].

तंत्राचा उगम : आरंभीच्या पेट्रोल एंजिनांत ठिणगी नव्हती. गोटलीप डाइमलर यांनी १८८५ मध्ये बनविलेल्या दुचाकीत बाहेरून ज्योतीने तापविलेल्या नळीच्या साहाय्याने मिश्रण पेटविले जाई. अशा योजनेत पेटण्याचा क्षण नेमका ठरविता येत नसे आणि एंजिनाची गती वाढविण्यासही मर्यादा पडे. कार्ल बेंझ यांनी त्याच सुमारास विजेरी व कंप पावणारे वेटोळे यांचा वापर केला. फ्रान्समधील द दिआँ-बूताँ या कंपनीच्या १८९५ च्या सुमाराच्या लहान, वेगवान एंजिनात कॅमच्या साहाय्याने विद्युत् मंडल नेमक्या वेळी तोडण्याची योजना होती. पुढील संपर्क-खंडकाचे मूळ या योजनेत आहे. जर्मनीत रोबेर्ट बॉश यांच्या कार्यशाळेत गोटलोप होनोल्ट यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. विजेरीची गरज नसल्यामुळे मोटारसायकलींत त्याचा झपाट्याने प्रसार झाला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेरी, प्रवर्तन वेटोळे व संपर्क-खंडक यांची जोडणी विकसित केली आणि ती १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारगाडीत वापरात आली. त्यानंतर सु. सहा दशके जगातील बहुतेक पेट्रोल वाहने याच दोन पद्धतींपैकी एकीवर चालत होती.

रचना व कार्य : संपर्क-खंडकात टंगस्टनाची टोके असलेल्या दोन पट्ट्या असतात. एक पट्टी स्थिर व दुसरी स्प्रिंगच्या दाबाने तीवर टेकलेली असते. हलणाऱ्या पट्टीला फायबरची टाच असते व ती फिरणाऱ्या कॅमवर घासत राहते. टोके जुळलेली असताना विजेरीतील प्रवाह वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीतून वाहतो व गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. कॅमच्या उंचवट्याने टाच उचलली जाताच टोके विलग होतात, प्रवाह एकदम थांबतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो वेढ्यांच्या द्वितीयक गुंडाळीत दहा हजार व्होल्टपेक्षाही अधिक दाब निर्माण होऊन ठिणगी-गुडदीच्या (प्लगच्या) फटीत ठिणगी पडते. ठिणगी टोके जुळताना पडत नाही, विलग होताना पडते. समयनाचे सर्व काम या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

टोकांना समांतर जोडलेले धारित्र (कंडेन्सर) दोन कामे करते. विलग होणाऱ्या टोकांदरम्यान पडू पाहणारी ठिणगी ते दडपते, म्हणून टोके जळत नाहीत. आणि प्रवाह त्वरेने तोडला गेल्यामुळे द्वितीयक गुंडाळीतील दाब वाढतो. धारित्र निकामी झाले की, पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसते, ती लवकर काळी पडतात आणि प्लगवरील ठिणगी मात्र फिकी व पिवळट होते. उन्हाळ्यात एंजिन तापल्यावर बंद पडणारी व निवल्यावर पुन्हा सुरू होणारी गाडी हे दुबळ्या धारित्राचे किंवा वेटोळ्याचे नेहमीचे लक्षण होय. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. त्यामुळे या भागातील कारागिरांना हा दोष विशेष परिचयाचा होता.

आगाऊ ठिणगीची आवश्यकता : मिश्रण पेटल्यावर ज्योत सर्व दहन-कोठीत पसरण्यास थोडा अवधी लागतो. दट्ट्या सर्वांत वरच्या स्थानापासून (वरच्या निश्चल बिंदूपासून) थोडा खाली उतरत असताना दाब कमाल व्हावा, यासाठी ठिणगी दट्ट्या वर येत असतानाच पाडावी लागते. एंजिन दर मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर भुजादंडाच्या एका अंशास सु. १/१८,००० सेकंद एवढाच वेळ मिळतो. २०° आगाऊ ठिणगी म्हणजे सु. १/९०० सेकंद आधीची ठिणगी. दोन धावी एंजिनात प्रत्येक फेऱ्यास ठिणगी पडते, म्हणजे या वेगाला दर सेकंदास ५० वेळा. हातात पाना व पातळ पाते घेऊन काम करणारा कारागीर प्रत्यक्षात वेळेचे इतके सूक्ष्म अंश जुळवीत असतो.

ठिणगी प्रमाणापेक्षा आधी पडली, तर दट्ट्या वर येण्यापूर्वीच दाब वाढतो. परिणामी चढावर धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो, दट्ट्याचा माथा तापतो व क्वचित त्याला भोकही पडते, तसेच धारव्यांवर (बेअरिंगांवर) ताण येतो. सुरू करताना किक उलटी बसून पायाला दुखापत होण्याचा धोका असतो. मोठ्या एकसिलिंडरी चार धावी गाडीत हा धोका गंभीर असतो. ठिणगी उशिरा पडली, तर मिश्रण दट्ट्या खाली जात असताना जळत राहते. शक्ती घटते, इंधन अधिक लागते, सिलिंडर व निष्कास नळी तापतात आणि सायलेन्सरातून फटाके उडाल्यासारखे आवाज येतात. उशिराच्या ठिणगीने तत्काळ मोडतोड होत नाही. त्यामुळे ती दीर्घकाळ लक्षात येत नाही व वाहन हळूहळू निकृष्ट होत जाते.

मराठवाड्यातील दुचाकी : औरंगाबाद व त्याभोवतीचा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. भारतात दुचाकी वाहनांचे कारखानेही याच काळात उभे राहिले. मद्रास येथे १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन ३५० घ. सेंमी.ची बुलेट येथे तयार होऊ लागली. म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून २५० घ. सेंमी.ची जावा बाहेर पडू लागली व १९७३ पासून ती येझदी या नावाने विकली गेली. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलिश बनावटीवर आधारलेली १७५ घ. सेंमी.ची राजदूत बाजारात आणली. पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या स्कूटरी आणि १९७२ पासून कायनेटिक कंपनीची लूना ही हलकी मोपेड यांनी महाराष्ट्रातील लहान गावांपर्यंत दुचाकी पोहोचविली.

या सर्व वाहनांत, त्यांची बनावट व आकारमान भिन्न असले तरी, संपर्क-खंडक समान होता. बुलेट, जावा व येझदी यांत विजेरी व वेटोळे यांचा वापर होई. स्कूटर व मोपेड यांत प्रचक्रात (फ्लायव्हीलमध्ये) बसविलेले चुंबक व त्यामागे दडलेले पॉइंट अशी मॅग्नेटो पद्धत होती. गॅरेजच्या बोलीत या प्रचक्राला ‘मॅग्नेट’ म्हणत आणि ते काढण्यास ‘मॅग्नेट पुलर’ हे स्वतंत्र हत्यार लागे.

परवाना पद्धतीच्या काळात नवी गाडी सहज मिळत नसे. लोकप्रिय स्कूटरीसाठी नावनोंदणी करून कित्येक वर्षे थांबावे लागे. हाती असलेली गाडी दहा-पंधरा वर्षे चालविणे ही त्यामुळे निवड नसून गरज होती. विद्यापीठ (स्थापना १९५८), शासकीय कार्यालये, पैठण येथील जायकवाडी प्रकल्प आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती यांमुळे शहर व भोवतालची गावे यांमधील नित्याची ये-जा वाढली. पैठण, जालना, कन्नड, वैजापूर यांसारख्या ठिकाणी जाणाऱ्या माणसाची गाडी वाटेत बंद पडली, तर प्रथम प्लग व नंतर पॉइंट पाहावयाचे, हे ज्ञान केवळ कारागिरांपुरते न राहता गाडीच्या मालकांतही पसरले. हत्यारांच्या पिशवीत प्लगचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एखादा जादा कंडेन्सर बाळगण्याची सवय त्यातून आली.

गॅरेजातील परंपरा : मराठवाड्यातील गॅरेजांत कुशल कारागिराला ‘मिस्त्री’ किंवा ‘उस्ताद’ म्हणत. मराठी व दखनी या दोन्ही बोली तेथे एकत्र नांदत आणि कामाचे शब्द इंग्रजी यंत्रभागांच्या नावांवरून घडत : ‘पॉइंट घासणे’, ‘करंट येणे’ (ठिणगी पडणे), ‘मिस मारणे’ (ठिणगी चुकणे), ‘टायमिंग आगे-पीछे करणे’. शिकाऊ मुलाला आधी भाग धुणे व हत्यारे हाती देणे, नंतर प्लग साफ करणे व पॉइंट घासणे आणि बऱ्याच काळानंतर समयन, असा शिक्षणाचा क्रम असे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार यांत्रिकीचा अभ्यासक्रम होता व त्यात प्रज्वलनाची तत्त्वे शिकविली जात. परंतु कानाने आवाज ओळखणे व हाताने किकचा दाब जोखणे, हे भाग उस्तादाजवळ राहूनच अवगत होत. ते लिहून ठेवण्याची रीत नव्हती.

समयन जुळविण्याची पद्धत : कामाचा क्रम बदलता येत नाही. प्रथम पॉइंटमधील फट व नंतर समयन, असा तो क्रम आहे. फट वाढविली की टाच कॅमवर लवकर उचलली जाते, टोके लवकर विलग होतात व ठिणगी आगाऊ होते. फट कमी केली की ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी समयन जुळवून नंतर फट बदलली, तर केलेले सर्व काम वाया जाते. नवशिक्याकडून ही चूक सर्वाधिक होते.

फट मोजण्यापूर्वी टोके स्वच्छ करतात. एका टोकावर खड्डा व दुसऱ्यावर उंचवटा आला असेल, तर बारीक कानशीने उंचवटा सपाट करतात. खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासण्याची आवश्यकता नसते, कारण त्यात टंगस्टनाचा पातळ थर विनाकारण जातो. घासल्यावर पेट्रोलमध्ये भिजविलेला स्वच्छ कागद टोकांमधून ओढून कण व तेल काढून टाकतात. त्यानंतर कॅमचा सर्वांत उंच भाग टाचेखाली येईल असे एंजिन फिरवून जाडी-मापक पात्याने (फिलर गेजने) फट मोजतात. भारतातील बहुतेक जुन्या मोटारसायकलींत ती सु. ०.३५ ते ०.४० मिमी. असते. पाते ओढताना किंचित अडावे, पण पट्टी उचलू नये, अशी हाताची खूण सांगितली जाते. मापक नसल्यास हाताशी आलेले हॅकसॉचे पाते वापरणे धोक्याचे ठरते. त्याची जाडी सु. ०.६५ मिमी. असल्यामुळे फट जवळजवळ दुप्पट होते, टोके जुळलेली राहण्याचा अवधी घटतो व जास्त वेगाला ठिणगी दुबळी पडते.

फट ठरल्यावर दट्ट्याचे स्थान मोजतात. प्लग काढून त्या भोकातून तबकडीचा मापक बसविणे ही अचूक पद्धत होय. गॅरेजांत त्याऐवजी सायकलचा स्पोक किंवा पातळ पट्टी आत सोडून, दट्ट्या सर्वांत वर असताना तीवर खूण करीत व तेथून वर आवश्यक तेवढ्या अंतरावर दुसरी खूण करीत. जावा-येझदी वर्गातील २५० घ. सेंमी.च्या एकसिलिंडरी गाडीत हे अंतर सु. ३ मिमी. असून भुजादंडाच्या फिरण्यात ते सु. २०° होते. तेथे दट्ट्याच्या ०.३ मिमी. सरकण्याने सु. १° फरक पडतो. बुलेटमध्ये स्वयंचलित आगाऊ यंत्रणा पूर्ण मिटलेली असताना हे अंतर सु. ०.८ मिमी., म्हणजे ९° ते १०°, असते. वरच्या निश्चल बिंदूजवळ दट्ट्या जवळजवळ स्थिरच असल्यामुळे तेथे मोजण्यातील अल्प चूकही अंशांत मोठी ठरते. सर्वांत वरचे स्थान अचूक शोधण्यासाठी दोन्ही बाजूंनी समान खोलीवर खुणा करून त्यांचा मध्य घेतात.

दोन धावी एंजिनात दट्ट्या जेव्हा जेव्हा वर येतो, तेव्हा ठिणगी पडते. त्यामुळे फेरी ओळखण्याचा प्रश्न येत नाही. चार धावी बुलेटमध्ये मात्र संपीडनाच्या (दाबाच्या) धावेवरील वरचे स्थान घ्यावे लागते. दोन्ही झडपा मिटलेल्या आहेत, ही त्याची खूण होय. तिच्यातील खंडकाचा कॅम एंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून कॅमजवळची १° चूक भुजादंडाजवळ २° होते.

दट्ट्या योग्य स्थानी आणल्यावर खंडकाची बैठक सैल करून ती हळूहळू फिरवितात. टोके नेमकी कोणत्या क्षणी विलग होतात, हे ओळखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एका रीतीत टोकांमध्ये सिगारेटच्या पाकिटावरील पातळ कागद धरून तो हलक्या हाताने ओढतात. तो सुटतो तोच क्षण. दुसऱ्या रीतीत विजेरीच्या मंडलात लहान दिवा पॉइंटला समांतर जोडतात. टोके विलग होताच दिवा उजळतो. बैठकीचे स्क्रू आवळताना ती किंचित सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पडताळणे आवश्यक असते. एंजिन नेहमी त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच मापाच्या स्थानी आणतात. उलट दिशेने आणल्यास दंतचक्रांतील ढिलाई मापात शिरते.

मॅग्नेटो पद्धतीत आणखी एक अट असते. चुंबकीय प्रवाहाची दिशा बदलत असतानाच टोके विलग झाली, तरच ठिणगी जोरदार पडते. म्हणून स्कूटर व मोपेड यांत फट चुकली, तर ठिणगीचा क्षण आणि तिचा जोर ही दोन्ही एकाच वेळी बिघडतात. प्रचक्रातील खिडकीतून पाते आत घालून फट मोजावी लागते.

पडताळा : जुळणी झाल्यावर गाडी चालवून पाहणे हा कामाचाच भाग मानला जाई. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात त्यासाठी अनुकूल चढ आहेत. दौलताबादहून खुलताबादकडे चढणारा रस्ता, तसेच कन्नड व चाळीसगाव यांदरम्यानचा औट्रम घाट येथे वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चढताना एंजिनावर पूर्ण भार येतो. ठिणगी प्रमाणाबाहेर आगाऊ असेल, तर धातूचा आवाज येथे स्पष्ट ऐकू येतो. उशिरा असेल, तर गाडी ओढ घेत नाही व लवकर तापते. पेट्रोलचा ऑक्टेन अंक कमी असण्याच्या काळात कारागीर ठिणगी किंचित उशिरा ठेवीत. निर्मात्याचे माप आणि उपलब्ध इंधन यांची ही तडजोड होती.

देखभाल : फायबरची टाच झिजली की फट आपोआप कमी होते व ठिणगी उशिरा पडू लागते. याउलट टोके जळून झिजली, तर फट वाढते. सामान्यतः टाचेची झीज अधिक असल्यामुळे दुर्लक्षित गाडीचे समयन हळूहळू मागे जाते. म्हणून दर २,००० ते ३,००० किमी.ला फट तपासणे इष्ट असते. नवीन पॉइंट बसविल्यावर टाच कॅमवर बसेपर्यंत झीज जलद होते. अशा वेळी पहिली तपासणी काहीशे किमी.नंतरच करावी लागते. कॅमला टेकलेल्या नमद्याच्या तुकड्यावर तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. अधिक तेल उडून टोकांवर बसते व जळून काळे पडते. स्वयंचलित आगाऊ यंत्रणेतील वजने व त्यांच्या स्प्रिंगा मोकळ्या हलतात की नाहीत, हेही पाहावे लागते. वजने गंजून अडकली, तर स्थिर एंजिनावर अचूक दिसणारे समयन वेगाला चुकीचे ठरते. भुजादंडाच्या धारव्यांत ढिलाई आली असेल, तर कॅम डगमगतो व फट प्रत्येक फेऱ्यास बदलते. हा दोष पॉइंट जुळवून जात नाही.

वाळूज आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन : कावासाकी कंपनीच्या १९६९ मधील ५०० घ. सेंमी.च्या मोटारसायकलीत धारित्र-विसर्जन पद्धतीचे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन होते. या पद्धतीत चुंबकाच्या खुणेने संवेदक वेटोळ्यात स्पंद निर्माण होतो व त्यामुळे इलेक्ट्रॉनिक मंडल उघडते. एकमेकांवर आदळणारी टोके वा घासणारी टाच नसल्यामुळे झीज होत नाही आणि कारखान्यात ठरविलेला क्षण वर्षानुवर्षे टिकतो.

भारतात १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने १०० घ. सेंमी.च्या मोटारसायकली आल्या. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० व यामाहा आरएक्स १०० या दोन्ही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन होते. त्याच वेळी औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला; त्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली व १९८५ मध्ये उत्पादन सुरू झाले. कावासाकी बजाज केबी १०० ही मोटारसायकल व एम-८० ही हलकी दुचाकी १९८६ मध्ये बाजारात आली. एम-८० पुढे ‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दासह विकली गेली. पॉइंट नसणे हेच त्या काळी खरेदीदाराला सांगण्याजोगे वैशिष्ट्य होते, हे या नावावरून दिसते. जून १९९८ मध्ये कॅलिबर ही चार धावी मोटारसायकल वाळूजहूनच बाहेर पडली. बजाजच्याच पल्सर गाडीत २००३ मध्ये दोन ठिणगी-गुडद्या व अंकीय नियंत्रण आले आणि ठिणगीचा क्षण वेग व भार यांनुसार आपोआप बदलू लागला.

या बदलाने शहराच्या कामगार जीवनात अचूकतेची जागा बदलली. पूर्वी मिलिमीटरच्या दहाव्या भागाची जबाबदारी रस्त्याकडेच्या मिस्त्रीवर असे. आता ती कारखान्यातील आरेखन, यंत्रण व तपासणी यांकडे गेली. ग्राहकाचा लाभ निर्विवाद होता : इंधन वाचले, किक हलकी झाली, वाटेत खोळंबणे कमी झाले. गॅरेजांचे एक नित्याचे काम मात्र संपले. नादुरुस्त इलेक्ट्रॉनिक पेटी उघडून दुरुस्त केली जात नाही, ती बदलली जाते. त्यामुळे कारण शोधण्याऐवजी भाग बदलण्याकडे कामाचा कल झुकला. बुलेटमध्ये पॉइंट एकविसाव्या शतकाच्या आरंभीही काही काळ टिकून होते. तथापि जावा-येझदीचे म्हैसूर येथील उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि इतर जुन्या गाड्याही क्रमाने बाजारातून गेल्या.

जतनाचा प्रश्न : पन्नास वर्षांहून अधिक जुन्या वाहनांना केंद्र शासनाच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ऐतिहासिक (व्हिंटेज) वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे व त्यात महत्त्वाचे फेरबदल केलेले नसावेत, अशी अट त्यात आहे. अशा वाहनांचा नियमित रस्त्यावरील वा व्यापारी वापर अनुज्ञेय नाही. १९६० नंतरच्या दशकातील जावा, राजदूत व बुलेट या गाड्या आता वयाने या वर्गात बसतात.

या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक संच बसविणे तांत्रिक दृष्ट्या शक्य असून नित्य वापरासाठी ते सोयीचेही असते. परंतु मूळ तंत्र जपावयाचे असेल, तर पॉइंट ठेवावे लागतात आणि ते जुळविणारा हातही लागतो. सुटे भाग पुन्हा तयार करता येतात. मात्र बाजारात मिळणाऱ्या काही पॉइंटांत टाच मऊ असते व धारित्रे उष्णतेस टिकत नाहीत, म्हणून जुळणी पूर्वीपेक्षा अधिक वेळा तपासावी लागते. इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचाही विचार करावा लागतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला हवेचे प्रमाण वेगळे लागते आणि जुन्या बनावटीचे रबरी भाग त्याने खराब होऊ शकतात. मिश्रण विरळ झाल्याने येणारी धडपड पुष्कळदा समयनाचा दोष समजली जाते. अशा वेळी प्रथम कार्ब्युरेटर तपासून मगच पॉइंटना हात लावणे योग्य ठरते.

वाहनांच्या संग्रहात यंत्र जपले जाते, परंतु ते चालू ठेवणारे कौशल्य आपोआप जपले जात नाही. संपर्क-खंडकाचे समयन हे कौशल्य हत्यारांच्या दृष्टीने अतिशय अल्पखर्ची आहे : एक पाते, एक लहान दिवा व एक स्पोक एवढ्यावर ते चालते. त्यातील अवघड भाग, म्हणजे क्रम, पडताळा आणि कानाची सवय, तो जाणणाऱ्या माणसांकडून शिकूनच पुढच्या पिढीकडे जातो. पॉइंटवर काम केलेली कारागिरांची पिढी आता उतारवयात आहे. त्यांच्या पद्धतींची नोंद करणे व प्रशिक्षण संस्थांत किमान प्रात्यक्षिक म्हणून या तंत्रास स्थान देणे, हे मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाच्या जतनाचेच एक अंग होय.